सेटबरोबर फुकट आलेला तुकडा

पडलेल्या झाडाच्या खोडात चेनसॉची, म्हणजे इंजिनवरच्या साखळी-करवतीची, लांब पट्टी अर्धी गेली होती आणि मशीन बंद पडलं. दोरी ओढली तर हलेना. जोर लावून पुन्हा ओढली तर खांद्याला हिसका बसला. शिरिषाचं ते झाड शेजारच्या मासळी वाळवायच्या ओट्यावर आडवं झालेलं होतं आणि ओटा ज्यांचा होता त्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"झाला का काय?" त्यांनी विचारलं.

"जाम झालंय," मी म्हणालो.

"म्हंजे झाड पण माजा आनि मशीन पण माजाच."

माझ्याबरोबर काम करणाऱ्या दादांनी कुऱ्हाड उचलली आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी घाव घालून तासाभरात माझं मशीन झाडातून मोकळं केलं. ते माझ्यापेक्षा वयानं मोठे. मनोरच्या पुढे डोंगराकडे त्यांचं घर आणि पावसावर पिकणारी थोडी जमीन. पीक हाती आलं की कामाला खाली किनाऱ्याकडे येत. नारळावर, ताडावर त्यांच्यासारखं चढणारा माणूस मी पाहिलेला नाही. चेनसॉवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बोईसरला कारखान्यात नोकरी लागली आणि इथलाच झालो. पुढे एडवणला छोटी वाडी घेतली. वादळ आलं त्या वर्षी किनाऱ्याला इतकी झाडं आडवी झाली की लाकूड कापणारा माणूस मिळेना. त्या वैतागात मी एक वापरलेला पण चांगल्या कंपनीचा चेनसॉ विकत घेतला. आधी माझ्या वाडीतली झाडं कापली, मग शेजाऱ्यांची, आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांचं हे जोडकामच होऊन बसलं. दादा वर चढून फांद्या उतरवायचे, मी खाली खोड कापायचो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात मला माझाच जास्त राग येतो तो त्यामुळे. कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासणं हे माझं काम. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक असला तरी मी अख्खी खेप परत पाठवलेली आहे. पुरवठादार मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

मशीन उघडलं तेव्हा पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे दिसले, कुणी खिळ्यानं ओढावेत तसे. पेट्रोलची नळी एका ठिकाणी चिरली होती, तिथून हवा शिरत होती, इंजिन तापलं आणि पिस्टन जाम झाला. नळीची किंमत काहीच नाही, पण आता सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बदलायला हवे होते.

पालघरला त्या कंपनीचा डीलर आहे. तो म्हणाला, "ऑर्डर टाकावी लागेल. तीन आठवडे धरून चला." किंमत ऐकली तर जवळजवळ अर्ध्या मशीनची. मी विचार करतो म्हणून बाहेर पडलो आणि तसाच बोईसरला गेलो. तिथे बाजारातल्या एका गल्लीत पंप, ग्राइंडर, फवारणी यंत्रं, सगळ्याचे सुटे भाग मिळणारं दुकान आहे. दुकानदार बरीच वर्षं इथं आहे, पण बोलतो हिंदीच.

"ओरिजिनल चाहिए या चलनेवाला चाहिए?" त्यानं विचारलं.

प्रश्न सरळ होता. मी म्हणालो, "चलनेवाला दिखाओ."

खोक्यावर नुसता मशीनचा फोटो होता, कंपनीचं नाव नव्हतं. ओरिजिनलच्या पाव किमतीत सिलिंडर, पिस्टन, रिंग, सगळं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते कारखान्यात नेलं आणि मोजलं. आतला व्यास वरपासून खालपर्यंत सारखा, गोलाईत खोट नाही, रिंगची फट बरोबर. मी दोनदा मोजलं, कारण मला खोट सापडायला हवी होती आणि ती सापडत नव्हती. उगाच आपण लोकांना शिव्या देतो, असं वाटलं. संध्याकाळी मोठ्या आनंदानं इंजिन जोडलं.

मावशींचा ओटा मोकळा झाला. आणखी चार ठिकाणची कामं झाली. कामाच्या नवव्या दिवशी आतून करकर असा आवाज आला आणि मशीन पुन्हा बंद.

या वेळी रिंगचं टोक मोडून आत फिरलं होतं. सिलिंडर उजेडाला धरून भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. धूर बाहेर पडायचं भोक असतं, त्याची कड जशी कापली तशीच धारदार सोडलेली होती. रिंग दर फेरीला त्या कडेवर घासत होती, आणि एकदा अडकली. ती कड कुणीतरी मिनिटभर घासून गोल करायची असते. जिथे ते सिलिंडर बनलं तिथे त्या माणसाला तेवढं मिनिट दिलं गेलं नव्हतं. आणि मी, मोजमापात आयुष्य घालवलेला माणूस, जे मोजता येतं तेवढंच मोजून मोकळा झालो होतो.

दुकानदारानं कुरकुर न करता दुसरा सेट दिला. त्याच्याही कडा तशाच. मग मी घरी बसून बारीक दगडानं त्या कडा स्वतः घासल्या, रॉकेलनं धुतल्या, आणि जोडलं. ते सिलिंडर वर्षभर चाललं. खोटं कशाला बोलू, उत्तम चाललं. एअर फिल्टर, प्लगची टोपी, दोरी, हेही त्याच दुकानातलं घेतलं आणि एकानंही त्रास दिला नाही.

बिघडलं ते इथेच. एकदा जमल्यावर मला गुर्मी चढली. डीलरकडे पैसे घालवणारे लोक मला बावळट वाटायला लागले. हाताखालून घालून दुरुस्त करता येत असेल तर चालणारा माल काय वाईट, असं मी कारखान्यातही दोघा-तिघांना ऐकवलं. याच काळात मी दादांच्या मागे लागलो की तुम्हीही मशीन चालवायला शिका.

"मना नको ता," ते म्हणायचे. "त्याचा आवाज आयकला का झाड काय बोलतं ता आयकू येत नाय."

झाड पडायच्या आधी आतून कडकड करतं, त्याबद्दल ते बोलत होते. पण मी सोडलं नाही. वयामुळे झाडावर चढणं आता अवघड होईल, असं मी त्यांना समजावलं. शेवटी ते तयार झाले आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा सफाईनं कापू लागले. त्यांना लाकूड कुठे ताणलेलं आहे आणि कुठे दाबलेलं, हे न बघता कळायचं. मला त्यांच्याकडे पाहून फार बरं वाटायचं, हे माझंच काम आहे असं.

चेन झिजली तेव्हा मी बोईसरच्या दुकानातून पूर्ण सेट आणला. चेन, ती फिरवणारं दातेरी चाक, बाजूचं झाकण. पिशवीत एक छोटा काळा तुकडा आणि स्क्रू जास्तीचा होता. "ये सेट के साथ फ्री है," दुकानदार म्हणाला. तो होता चेन-कॅचर. मशीनच्या खालच्या अंगाला, पट्टी जिथे संपते तिथे, बोटाच्या पेराएवढा तुकडा बसवलेला असतो. चेन तुटली किंवा पट्टीवरून उतरली तर तिचं टोक मागे, हाताकडे येतं. ते तिथल्या तिथे अडवायचं, एवढंच त्याचं काम. माझ्या मशीनवरचा जुना ॲल्युमिनियमचा होता आणि घासून त्याला खाच पडली होती. फुकट आलेला नवा प्लास्टिकचा मी लावून टाकला. बोटात धरून वाकवूनसुद्धा पाहिला नाही.

अपघात झाला तो रविवारी सकाळी, माझ्याच वाडीत. कुंपणाला लागून सुरूचं एक वाळलेलं झाड होतं. दादा मशीन चालवत होते. मी दोर धरून लांब उभा होतो. हातमोजे घामानं निसटतात म्हणून त्यांनी काढून ठेवले होते, मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. खोडात पट्टी निम्मी गेली असेल, तेवढ्यात फट् असा आवाज आला. इंजिन रिकामं भणाणलं. दादांनी मशीन खाली ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि उजवा हात डाव्या हातात धरून ते खाली बसले.

मागच्या मुठीखाली हाताला आडोसा असतो. चेनचं तुटलेलं टोक त्याच्या कडेवरून वर आलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळाशी पार उघडं पडलं होतं.

"साहेब, झाड अर्धा कापलाय," ते मला म्हणाले. "दोर सोडू नको. आदी कुनाला तरी बोलव."

ते माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले. मी दोर नारळाला बांधला, त्यांचा हात पंच्यात गुंडाळला आणि शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही पालघर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी केली आणि बोटांच्या शिरा तुटल्यात, मोठ्या ठिकाणी न्या म्हणाले. ऑपरेशन झालं. दवाखान्याचं सगळं मी पाहिलं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. दोन महिन्यांनी पट्टी सुटली तेव्हा ती दोन बोटं अर्धीच मिटत होती. नारळावर चढताना दोराचा फास ज्या पकडीत घट्ट धरायचा, ती पकड गेली होती. कुऱ्हाड मारली की हातात फिरायची.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी वाडीत जाऊन चिखलातून तुकडे गोळा केले होते. चेनची एक कडी रिवेटपाशी तुटली होती. आणि कॅचर मुळातून कटकन मोडला होता, बिस्कीट मोडावं तसा. ते तुकडे खिशात घालून मी बोईसरला गेलो आणि दुकानदाराच्या काउंटरवर टाकले. जे तोंडाला आलं ते बोललो. तेही चार गिऱ्हाइकांसमोर.

दुकानदारानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहब, मैंने पूछा था ना?"

ओरिजिनल की चालणारा, पहिल्याच दिवशी. त्यानं विचारलं होतं हे खरंच होतं.

"हाथ कैसा है उनका?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं खणातून तसल्याच काळ्या तुकड्यांचं एक पाकीट काढलं, एक तुकडा फरशीवर ठेवला आणि हातोडी मारली. तुकडे उडाले. दुसरा ठेवला. तो नुसता चेपला, फुटला नाही. तिसरा फुटला. चौथा आणि पाचवा फुटले नाहीत.

एकाच पाकिटातले पाच. दोन फुटले, तीन टिकले. त्या क्षणी मला जितका संताप आला तितका अपघाताच्या दिवशीही आला नव्हता. सगळेच फुटले असते तर मी त्या मालाला शिवी देऊन मोकळा झालो असतो. इथे तर ज्यानं दुसरा तुकडा नेला असता तो आजही म्हणाला असता की उत्तम माल आहे. माझ्या सिलिंडरबद्दल मी म्हणत होतो तसं. दुकानदारानं ते पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी बाहेर पडल्यावर त्यानं ते परत काढलं की नाही, मला माहीत नाही.

तिथून मी पालघरच्या डीलरकडे गेलो. ओरिजिनल कॅचर आहे का विचारलं. त्यानं मागे न जाता, काउंटरच्या काचेखालूनच काढून दिला. आम्ही दोघं वाडीत नाश्ता करायचो त्यापेक्षाही तो स्वस्त होता. ऑर्डर टाकायची नाही, वाट बघायची नाही. वर्षभर तो तिथे काचेखाली पडून होता आणि मी त्या काउंटरवरून किंमत ऐकून परत फिरलो होतो. 

हाताची पट्टी सुटल्यावर मी दादांच्या घरी गेलो. मशीन विकून टाकतो असं सांगायला गेलो होतो. ते अंगणात बसले होते. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना कधीही दोष देणार नाही.

"इकू नको," दादा म्हणाले. "चढाय जमत नाय, कुऱ्हाड धराय जमत नाय. ह्या पयल्या बोटानं मशीनचा घोडा दाबता येतो. आता तेच काम राहिलाय मना."

"दादा, परत त्या मशीनला हात लावणार तुम्ही?"

"मशीन खोटा नवता. माल खोटा व्हता." मग त्यांनी अट घातली. मशीनमधला प्रत्येक भाग डीलरकडचा. आणि तो आणायला ते स्वतः बरोबर येणार.

तेव्हापासून आमचं हे असं चाललं आहे. सिलिंडर बदललं, चेन, पट्टी, ब्रेकचा पट्टा, झाकण, सगळं बदललं. माझं ते घासून बसवलेलं सिलिंडर वर्षभर चाललं होतं, ते राहू द्या म्हणालो. नाय. फिल्टर तरी, फिल्टरनं कुणाला काय होणार? नाय. मी त्यांना भागाभागातला फरक समजावून सांगायला जातो, कुठला मोडला तर जीव जातो आणि कुठला मोडला तर नुसतं मशीन बंद पडतं. ते ऐकून घेतात आणि त्या दोन बोटांकडे पाहतात. माझं बोलणं तिथेच संपतं. मी बरोबर असलो तरी या बाबतीत वाद घालायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

या वर्षी कार्बोरेटर गेला. बोईसरला तसाच अर्ध्या तासात मिळाला असता. आम्ही पालघरला ऑर्डर टाकली. तीन आठवडे झाले, चार झाले. केळव्याच्या बाजूला एका बाईंच्या कौलांवर आंब्याचं वाळलेलं झाड झुकलं होतं. त्यांचे दिवसाआड फोन. "भाऊ, वारा सुटला की झोप लागत नाही हो," त्या म्हणायच्या. मी आज येतो, उद्या येतो करत राहिलो. पाचव्या आठवड्यात कार्बोरेटर आला. आम्ही दोघं आणायला गेलो. खोकं उघडलं तर त्यात गॅस्केट नव्हतं. कागदासारखी पातळ पट्टी, दोन भागांमध्ये हवा शिरू नये म्हणून घालायची.

"ते वेगळं मागवावं लागतं," डीलर म्हणाला. "आठ दिवस."

मी तिथेच कपाळाला हात लावला. बाहेर येऊन दादांना म्हणालो, "गॅस्केट मी कापतो. कारखान्यात त्याचाच शीट आहे, यापेक्षा चांगला. गेली वीस वर्षं मी हेच तपासतोय."

"नाय."

"दादा, अहो, कागद आहे तो!"

"मंग आठ दिस थांबू."

आणखी आठ दिवस लागतील हे फोनवर सांगायची मला लाज वाटली, म्हणून दोघं गाडीवरून तसेच बाईंकडे गेलो. लांबूनच मशीनचा आवाज आला. कुणी एक ठेकेदार आणि त्याचा दोर धरणारा साथीदार झाडाच्या बुंध्याशी काम करत होते. सगळ्यात स्वस्तात मिळतो तो चेनसॉ, झाकण तारेनं बांधलेलं. दादा वाकून मशीनच्या खालच्या बाजूला पाहत राहिले आणि मग मलाही दाखवलं. कॅचरची जागा रिकामी होती. मोडला असेल आणि नवा लावलाच नसेल.

ठेकेदारानं पेट्रोल भरायला मशीन थांबवलं तेव्हा दादा त्याच्याजवळ गेले. उजवा हात पुढे केला, बोटं मिटायचा प्रयत्न करून दाखवला आणि ती रिकामी जागा दाखवून काय घडलं ते सांगितलं. ठेकेदारानं हात नीट पाहिला. तो वाईट माणूस नव्हता.

"लई वाईट झालं, काका," तो म्हणाला. "पण माझं दोन वर्षं झाली असंच चालतंय. काय नाय झालं." आणि त्यानं दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात चालू झालं.

दादांनी माझा दंड धरून मला चेनच्या रेषेतून बाजूला ओढलं. आम्ही तिथेच उभे राहिलो. दुपारपर्यंत आंबा दोरावरून अलगद खाली आला, एका कौलालाही धक्का लागला नाही. बाईंनी ठेकेदाराबरोबर आम्हालाही चहा दिला. आम्ही तो घेतला. ठेकेदारानं मला विचारलं, तुमचं मशीन कुठलं? मी कंपनीचं नाव सांगितलं.

"भारी हाय की," तो म्हणाला. "मग आणलं का नाय?"

दादा चहा पीत राहिले. मी म्हणालो, गॅस्केट यायचंय.